पर्ल हार्बर: तेलासाठी पेटलेलं युद्ध आणि शाबूत राहिलेल्या टाक्या

ऑगस्ट १९४१ च्या अखेरीस टोकियोमध्ये जपानी मंत्र्यांसमोर एक अहवाल वाचला गेला. तो तयार करणारी मंडळी तिशीच्या आसपासची होती. वेगवेगळ्या खात्यांतून, लष्कर-नौदलातून आणि खासगी कंपन्यांतून त्यांना हुशार म्हणून निवडून घेतलं होतं. त्यांना एकच प्रश्न दिला होता: अमेरिकेशी युद्ध झालं तर काय होईल? पोलाद, तेल, जहाजं, धान्य असे सगळे आकडे मांडून त्यांनी उत्तर काढलं. सुरुवातीच्या लढाया आपण जिंकू, मग युद्ध लांबेल, मालवाहू जहाजं बुडत जातील, शेवटी सोव्हिएत रशियाही उतरेल आणि जपान हरेल. युद्धमंत्री हिदेकी तोजो हे ऐकत होते. हे कागदावरचं गणित आहे, खऱ्या युद्धात अनपेक्षित गोष्टी घडतात, अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्यांनी विषय मिटवला. दोन महिन्यांच्या आत तोजो पंतप्रधान झाले, आणि ७ डिसेंबर १९४१ ला जपानी विमानांनी हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर हल्ला केला.

पर्ल हार्बर म्हटलं की आपल्याला आठवतात जळणारी जहाजं आणि धुराचे लोट. पण हरण्याची शक्यता डोळ्यांसमोर असताना एक देश आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या देशावर चालून का गेला, हा मला त्याहून महत्त्वाचा प्रश्न वाटतो. त्याचं उत्तर शोधताना पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीशी येऊन थांबावं लागतं. ती म्हणजे तेल.

जपान १९३७ पासून चीनमध्ये युद्ध लढत होता. ते जिंकता येत नव्हतं, आणि इतकी माणसं गमावल्यावर माघार घेऊ असं म्हणण्याची हिंमत तिथल्या कोणत्याच सरकारमध्ये नव्हती. लष्कराला न रुचणारं बोलणाऱ्या नेत्यांचे खून झाल्याची उदाहरणं ताजी होती. या युद्धाला लागणारं तेल जपानच्या जमिनीत जवळजवळ नव्हतंच. सुमारे ८० टक्के तेल येत होतं अमेरिकेतून, म्हणजे चीनमधल्या जपानी आक्रमणाचा निषेध करणाऱ्या देशाकडून.

जवळचा दुसरा मोठा साठा होता डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात. १९४० मध्ये हिटलरने हॉलंड आणि फ्रान्स जिंकले, आणि आशियातल्या त्यांच्या वसाहती पोरक्या झाल्या. जपानने आधी फ्रेंच इंडोचायनाचा, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या बाजूचा, उत्तर भाग व्यापला. जुलै १९४१ मध्ये सैन्य दक्षिण भागातही उतरलं. तिथल्या विमानतळांवरून सिंगापूर आणि डचांच्या तेलविहिरींकडे जाणारा मार्ग माऱ्याच्या टप्प्यात येत होता.

अमेरिकेने २६ जुलैला जपानची सगळी मालमत्ता गोठवली. इथला एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. सुरुवातीला कागदोपत्री तेलावर सरसकट बंदी नव्हती. जपानने परवाना मागावा, प्रत्येक अर्ज तपासून ठरवू, अशी व्यवस्था होती. पण तेलाचे पैसे द्यायचे तर गोठवलेल्या खात्यातून रक्कम मोकळी व्हायला हवी, आणि वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्यांनी ती मोकळी केलीच नाही. त्यामुळे ऑगस्टपासून जपानकडे जाणारं अमेरिकी तेल थांबलं. ब्रिटिशांनी आणि डचांनीही हात आखडता घेतला.

ज्या घरातला पगार बंद झाला आहे आणि बँकेतली शिल्लक रोज कमी होते आहे, त्या घरासारखी जपानच्या नौदलाची अवस्था झाली. साठा साधारण दोन वर्षांचा होता. मोठं युद्ध पेटलं तर तो त्याहून लवकर संपणार होता. म्हणून नौदलाचे सेनानी म्हणू लागले की लढायचंच असेल तर आत्ताच, कारण वर्षभराने जहाजं असतील पण ती हलवायला तेल नसेल. वाटाघाटी चालू होत्या, पण अमेरिकेची मागणी चीनमधून बाहेर पडण्याची होती, आणि जपानी लष्कराला तेवढंच मान्य नव्हतं. या देशासमोर रस्ताच उरला नव्हता असं मी म्हणणार नाही. रस्ता होता, माघारीचा. तो घ्यायला कोणी तयार नव्हतं.

तेल दक्षिणेला, मग हल्ला हजारो किलोमीटर पूर्वेला हवाईवर का? कारण दक्षिणेच्या समुद्रमार्गाच्या कडेलाच फिलिपाइन्स होतं आणि ते अमेरिकेच्या ताब्यात होतं. तेल घेऊन येणाऱ्या जहाजांच्या वाटेवर शत्रूचा तळ ठेवून चालणार नाही, असं जपानचं मत होतं. आणि फिलिपाइन्सला हात लावला की अमेरिकेचं पॅसिफिक आरमार धावून येणार. हे आरमार १९४० मध्ये कॅलिफोर्नियातून पर्ल हार्बरला हलवलं होतं, जपानला जरब बसावी म्हणून.

जपानच्या संयुक्त आरमाराचे प्रमुख ॲडमिरल इसोरोकु यामामोतो यांनी हे आरमार पहिल्याच दिवशी लुळं करण्याची योजना मांडली. यामामोतो हार्वर्डमध्ये शिकले होते, वॉशिंग्टनच्या जपानी दूतावासात काम करून आले होते, अमेरिकेचे कारखाने आणि तेलक्षेत्रं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांचा या युद्धाला विरोध होता. सहा महिने, फार तर वर्षभर मी धुमाकूळ घालीन, पण युद्ध दोन-तीन वर्षं चाललं तर मला भरवसा नाही, असं त्यांनी पंतप्रधान कोनोए यांना आधीच सांगितलं होतं. पण लढायचंच ठरलं तर पहिला फटका हवाईवर, यावर ते अडून बसले. टोकियोतल्या नौदल कार्यालयाला योजना फारच धोक्याची वाटत होती. यामामोतोंच्या बाजूने राजीनाम्याची धमकी गेली तेव्हा कुठे मंजुरी मिळाली.

योजनेतल्या अडचणी खरोखर अवघड होत्या. पर्ल हार्बरमधल्या पाण्याची खोली साधारण १२ मीटर. विमानातून टाकलेला पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, पाण्यात पडल्यावर आधी खोल बुडी मारतो आणि मग वर येऊन सरळ धावतो. इतक्या उथळ पाण्यात तो थेट चिखलात रुतला असता. नोव्हेंबर १९४० मध्ये ब्रिटिशांनी इटलीच्या तारांतो बंदरात जुनाट दुपंखी विमानांमधून पाणतीर सोडून इटालियन युद्धनौका जायबंदी केल्या होत्या. त्या हल्ल्याचा जपान्यांनी बारकाईने अभ्यास केला. त्यांनी पाणतिराच्या शेपटीला लाकडी पंख बसवले. पाण्यात शिरताच ते पंख गळून पडायचे, पण तोवर तीर फार खोल जाणार नाही याची सोय झालेली असायची. वैमानिकांनी कागोशिमाच्या उपसागरावर घरांच्या छपरांजवळून विमानं नेण्याचा सराव केला. जाड पोलादी डेक फोडण्यासाठी युद्धनौकांच्या तोफांचे अजस्र गोळे घेऊन त्यांचे ८०० किलोचे बॉम्ब बनवले.

बंदराची माहिती तिथूनच मिळत होती. होनोलुलूच्या जपानी वकिलातीत ताकेओ योशिकावा हा नौदलाचा हेर खोट्या नावाने कारकुनी करत होता. टेकडीवरच्या एका जपानी चहाघरातून सगळं बंदर दिसायचं. कोणतं जहाज कुठे नांगरलं आहे, शनिवार-रविवारी किती जहाजं परत येतात, हे तो टोकियोला कळवत राहिला. त्यासाठी त्याला कुठली तिजोरी फोडावी लागली नाही.

२६ नोव्हेंबरला कुरिल बेटांमधल्या हितोकाप्पु उपसागरातून ताफा निघाला. आकागी, कागा, सोर्यू, हिर्यू, शोकाकू आणि झुइकाकू ही सहा विमानवाहू जहाजं, सोबत युद्धनौका, आणि तेलवाहू जहाजं. तेलवाहू जहाजांशिवाय हा ताफा हवाईपर्यंत जाऊन परत येऊच शकत नव्हता. काही जहाजांवर मोकळ्या जागेत तेलाची पिंपं रचून ठेवली होती. उत्तर पॅसिफिकचा मार्ग मुद्दाम निवडला होता, कारण हिवाळ्यात त्या वादळी समुद्रात दुसरं जहाज भेटण्याची शक्यता नव्हती. बिनतारी संदेश पाठवायला सक्त मनाई होती. ताफ्याचे प्रमुख होते व्हाइस ॲडमिरल चुइची नागुमो. २ डिसेंबरला ‘निइताका पर्वत चढा’ हा सांकेतिक संदेश आला, म्हणजे हल्ला पक्का.

मग अमेरिकेला काहीच कळलं नाही का? बरंच कळलं होतं. जपानच्या परराष्ट्र खात्याची सांकेतिक लिपी अमेरिकेने फोडली होती. २७ नोव्हेंबरला वॉशिंग्टनहून आलेल्या संदेशात हा युद्धाचा इशारा समजावा असं स्पष्ट लिहिलं होतं. पण परराष्ट्र खात्याच्या संदेशांमध्ये हवाईवरच्या हल्ल्याचा उल्लेख नव्हता, कारण जपानी नौदलाने आपला बेत स्वतःच्याच राजदूतांपासूनही लपवला होता. इशाऱ्यातही रोख फिलिपाइन्स आणि मलायाकडे होता. हवाईतल्या लष्कराचे प्रमुख जनरल वॉल्टर शॉर्ट यांना सगळ्यात मोठी भीती वाटत होती ती बेटावरच्या जपानी वंशाच्या लोकांनी घातपात करण्याची. पहारा सोपा जावा म्हणून त्यांनी विमानं उघड्यावर, पंखाला पंख लावून उभी करवली. घातपात एकही झाला नाही. हवेतून आलेल्या वैमानिकांना मात्र निशाणं आयती मिळाली.

रविवारी पहाटे पावणेसातच्या सुमारास बंदराच्या तोंडाशी वॉर्ड या विनाशिकेने एक छोटी जपानी पाणबुडी बुडवली आणि तसं कळवलं. वरचे अधिकारी खात्री करून घेत बसले. सातला ओपाना इथल्या रडारवर दोन सैनिकांना उत्तरेकडून येणारा विमानांचा प्रचंड मोठा थवा दिसला, दोनशेहून जास्त किलोमीटरवर. त्यांनी फोन केला. माहिती केंद्रात नवखा लेफ्टनंट ड्यूटीवर होता. त्या सकाळी कॅलिफोर्नियाहून अमेरिकी बॉम्बर येणार होते हे त्याला ठाऊक होतं. काळजी करू नका, असं त्याने सांगितलं. त्या एका अधिकाऱ्यावर खापर फोडणं सोपं आहे, पण रडार तेव्हा नवं होतं आणि ते केंद्र अजून नीट उभंही राहिलेलं नव्हतं.

वॉशिंग्टनमध्ये त्याच सकाळी लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी ताजा इशारा पाठवला. लष्कराची बिनतारी यंत्रणा हवाईशी जोडली जात नव्हती, म्हणून तो साध्या व्यापारी तारेने गेला. होनोलुलूत ती तार मोटरसायकलवरून पोचवायला निघालेला तरुण जपानी वंशाचा होता. बॉम्ब पडत असताना, नाक्यानाक्यावर अडवलं जात असताना त्याने ती पोचवली. तोवर हल्ला होऊन गेला होता.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना सगळं आधीच ठाऊक होतं, त्यांनी मुद्दाम होऊ दिलं, असं आजही अनेक जण छातीठोकपणे सांगतात. इतक्या वर्षांच्या चौकश्या आणि खुल्या झालेल्या कागदपत्रांनंतरही त्याला पुरावा मिळालेला नाही. जे मिळतं ते वेगवेगळ्या कचेऱ्यांत विखुरलेले तुकडे आणि जपानी एवढ्या लांबवर येऊन मारा करू शकतील यावर नसलेला विश्वास. त्या अविश्वासात वांशिक गर्वाचा वाटा मोठा होता, हे मान्य करायला हवं.

सकाळी ७ वाजून ५५ मिनिटांनी बंदरावर पहिले बॉम्ब पडले. दोन लाटांत मिळून साडेतीनशेच्या आसपास विमानं आली. तळावरच्या आठही युद्धनौकांना मार बसला. त्या तोफगोळ्यांपासून बनवलेला एक बॉम्ब ॲरिझोना या युद्धनौकेचा डेक फोडून आत गेला आणि पुढचं दारूगोळ्याचं कोठार उडालं. एकट्या त्या जहाजावर १,१७७ माणसं मेली. पाणतीर लागून ओक्लाहोमा जहाज उलटं झालं आणि शेकडो खलाशी आत कोंडले गेले. आतून पोलादावर ठोकल्याचे आवाज येत होते. बंदरातल्या कामगारांनी पुढच्या दोन दिवसांत तळाचा पत्रा कापून ३२ जणांना जिवंत बाहेर काढलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या तिघांपर्यंत मात्र कोणी पोचू शकलं नाही. काही महिन्यांनी जहाज वर काढलं तेव्हा त्यांच्या कोठडीत एक कॅलेंडर सापडलं. त्यावर २३ डिसेंबरपर्यंतच्या तारखांवर खुणा होत्या.

त्याच वेस्ट व्हर्जिनियावर डोरी मिलर नावाचा कृष्णवर्णीय खलाशी होता. कृष्णवर्णीयांना तेव्हा अमेरिकी नौदलात जवळपास फक्त भटारखान्यात आणि अधिकाऱ्यांच्या दिमतीला ठेवत. त्याने जखमींना उचलून हलवलं आणि मग शिक्षण मिळालेलं नसताना विमानविरोधी मशीनगन हाती घेतली. त्याला नेव्ही क्रॉस हा मोठा सन्मान मिळाला. १९४३ मध्ये दुसऱ्या एका जहाजावर तो मारला गेला.

एकूण २,४०३ अमेरिकी माणसं मेली, त्यात ६८ नागरिक होते. जपानची २९ विमानं आणि पाच छोट्या पाणबुड्या गेल्या, ६४ माणसं मेली आणि एक पकडला गेला.

आता तेलाकडे परत येऊ. बंदराच्या कडेला उघड्यावर टाक्यांमध्ये सुमारे ४५ लाख बॅरल तेल होतं, आणि त्या टाक्या आकाशातून स्पष्ट दिसत होत्या. तेलापायी युद्धाला उतरलेल्या आरमाराने शत्रूच्या तेलाला हातच लावला नाही. दुरुस्तीच्या गोद्या आणि पाणबुड्यांचा तळही बचावला. तिसरी लाट पाठवायची की नाही हा प्रश्न होता, आणि नागुमोंनी परत फिरायचं ठरवलं. त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. अमेरिकेची विमानवाहू जहाजं बंदरात नव्हती. एंटरप्राइज आणि लेक्सिंग्टन बेटांवर विमानं पोचवायला गेली होती, ती कुठे आहेत हे जपान्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या लाटेच्या वेळी विमानविरोधी मारा चांगलाच वाढला होता. शिवाय नौदलाच्या डोक्यात निशाण म्हणजे युद्धनौका, टाक्या आणि गोद्या नव्हेत. पुढे पॅसिफिक आरमाराचे प्रमुख झालेले ॲडमिरल निमिट्झ म्हणत की ते तेल जळालं असतं तर युद्ध आणखी दोन वर्षं लांबलं असतं. कारण हवाईला येणारा प्रत्येक थेंब कॅलिफोर्नियाच्या बाजूने, जवळपास चार हजार किलोमीटरवरून, जहाजाने आणावा लागे.

दुसरी गोष्ट त्या उथळ पाण्याची. जहाजं १२ मीटर खोलीत बसली म्हणून ती वर काढता आली. आठपैकी सहा युद्धनौका दुरुस्त होऊन पुन्हा युद्धात उतरल्या. भर समुद्रात तीच जहाजं कायमची गेली असती.

आणि अमेरिकेचं मन? ऑगस्ट १९४१ मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेची मुदत वाढवण्याचा ठराव अमेरिकी प्रतिनिधिगृहात २०३ विरुद्ध २०२, म्हणजे एका मताने, मंजूर झाला होता. युरोप-आशियाच्या भांडणात आपल्या मुलांना पाठवू नका, असं लाखो लोकांचं म्हणणं होतं. ८ डिसेंबरला रूझवेल्ट यांनी युद्धाची मागणी केली तेव्हा त्याच प्रतिनिधिगृहात ३८८ विरुद्ध १ मत पडलं. ते एक मत मोंटानाच्या जेनेट रँकिन यांचं. पहिल्या महायुद्धाच्या वेळीही त्यांनी युद्धाविरुद्धच मत दिलं होतं. सिनेटमध्ये विरोधात कोणीच नव्हतं.

संतापाचं एक कारण म्हणजे वॉशिंग्टनमध्ये बोलणी चालू असतानाच झालेला हल्ला. जपानचं पत्र हल्ल्याच्या थोडं आधी द्यायचं ठरलं होतं, पण दूतावासात ते वेळेत टाइप झालं नाही आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्या हाती पडलं तेव्हा बॉम्ब पडून गेले होते. पत्र वेळेत मिळालं असतं तरी फरक पडला नसता, असं मला वाटतं. त्यात बोलणी थांबवत आहोत एवढंच लिहिलं होतं, युद्धाची घोषणा नव्हती.

‘आपण झोपलेल्या राक्षसाला जागं केलं’ हे यामामोतोंच्या तोंडी असलेलं वाक्य प्रसिद्ध आहे, पण त्यांनी ते कुठे लिहिल्याचा किंवा बोलल्याचा आधार नाही. ११ डिसेंबरला जर्मनी आणि इटलीनेही अमेरिकेविरुद्ध युद्ध पुकारलं. जपानशी झालेल्या करारानुसार हिटलरवर तसं बंधन नव्हतं, कारण हल्ला जपानने केला होता. तरी त्याने ते केलं, आणि युरोप आणि आशियातली युद्धं एक झाली.

या संतापाची किंमत अमेरिकेतल्याच जपानी वंशाच्या लोकांनी मोजली. फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानंतर सुमारे १,२०,००० जणांना घरं-दुकानं सोडून काटेरी कुंपणाच्या छावण्यांत नेलं. त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होते. सरकारने रीतसर माफी मागितली ती १९८८ मध्ये.

आपल्याकडे या दिवसाची आठवण वेगळी असायला हवी. हवाईवर पहिला बॉम्ब पडण्याच्या तासाभराहून अधिक आधी जपानी सैन्य मलायाच्या कोटा भारू किनाऱ्यावर उतरत होतं, आणि तिथे खंदकांतून गोळीबार करणारे सैनिक होते डोग्रा रेजिमेंटचे. म्हणजे पॅसिफिक युद्धाच्या पहिल्या चकमकीत भारतीय माणसं मेली. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडलं, हजारो भारतीय सैनिक कैद झाले, आणि त्यांच्यातूनच आझाद हिंद सेना उभी राहिली. मार्चमध्ये रंगून आणि अंदमान गेलं. जपान भारताच्या दारात आला म्हणून ब्रिटिश सरकारला आपले मंत्री क्रिप्स यांना घाईने दिल्लीला पाठवावं लागलं. १९४४ मध्ये जपानी फौजा मणिपूरवर चालून आल्या तेव्हा सांगशाक इथे त्यांना रोखून धरणाऱ्यांत मराठा रेजिमेंटची चौथी बटालियन होती.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं ते तेल? ते जपानला मिळालं. १९४२ च्या सुरुवातीला सुमात्रातलं पालेमबांग छत्रीधारी सैनिक उतरवून जिंकलं, बोर्निओच्या विहिरी ताब्यात आल्या. पण विहीर जिंकली तरी तेल जपानला न्यायचं असतं. पर्ल हार्बरला हात न लागलेल्या त्या तळावरून अमेरिकी पाणबुड्या बाहेर पडत राहिल्या. सुरुवातीला त्यांचे पाणतीर सदोष होते, नीट फुटत नसत. ते दोष दूर झाल्यावर १९४४ मध्ये जपानी तेलवाहू जहाजं भराभर बुडू लागली. जपानने गमावलेल्या व्यापारी जहाजांपैकी अर्ध्याहून अधिक जहाजं पाणबुड्यांनी बुडवली. १९४५ च्या वसंतात दक्षिणेकडून तेल येणं जवळपास बंद झालं. वैमानिकांच्या प्रशिक्षणाला इंधन उरलं नाही. सरकारने पाइन वृक्षांच्या मुळांपासून तेल काढण्याची मोहीम काढली. दोनशे मुळांत एक विमान तासभर उडेल, अशी घोषणा होती. गावोगाव म्हातारीकोतारी आणि शाळेतली मुलं डोंगरात मुळं खणत होती. त्यातून जे थोडं तेल निघालं, त्याचं विमानात चालेल असं इंधन करता येईपर्यंत ऑगस्ट उजाडला आणि जपान शरण आला.